उजवा कान

सर,

‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं होतं, खोडलं. हे पत्र तुम्हाला पाठवणारच नाही, मग खोटं कशाला?

तुमच्या लॅबमध्ये बशीतल्या पेशींना खाऊ घालताना मी पॉडकास्ट ऐकायचे. लॅब सोडून पेटंट, लेखन, शिकवणं अशा वाटा धरलेले शास्त्रज्ञ त्यात बोलायचे. इअरफोन फक्त डाव्या कानात. उजवा तुमच्या हाकेसाठी मोकळा. “ए बिनडोक!” ही तुमची हाक. प्रत्येक पाहुणा म्हणायचा, “माझ्या गाइडनी फार साथ दिली.” मला वाटायचं, माझंच नशीब फुटकं.

सुटले एकदाची. आता औषध कंपनीत अहवाल लिहिते. गेल्या वर्षी त्याच पॉडकास्टवर मला बोलावलं. दोन्ही कानांवर हेडफोन चढवले, तरी तुमची हाक ऐकू आली. नोकरी बदलायची तर अजून तुमचीच शिफारस लागते. म्हणून टाकलं, “सरांनी फार साथ दिली.” बाकीचे असं का म्हणायचे, ते तेव्हा कळलं.

आज एका मुलीचा मेसेज आला: “ताई, तुमची मुलाखत ऐकून तुमच्याच सरांकडे पीएचडीला लागले. आता जुने एपिसोडही ऐकतेय, पण एकाच कानानं.”

आपली आज्ञाधारक,
बिनडोक