आजीच्या खुर्चीचा ब्रेक

बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी वेळेवर जेवते, हे आईला आधी सांगा.

पेटंट वकिलीचं ट्रेनिंग मस्त चाललंय, इंजिनिअरिंगपेक्षाही भारी! फक्त इथे येणारी माणसं बघून हात जोडावेसे वाटतात. काल एक कारखानदार आला. बाटलीचं नवं झाकण बनवलंय म्हणे. छाती फुगवून सांगतो, "गेल्या वर्षी प्रदर्शनात सगळ्यांनी वाहवा केली!"

मी म्हटलं, "मग संपलं की! जगाला दाखवलेली गोष्ट नवी कशी? आता पेटंट नाही मिळणार."

"अहो, पण वाहवा तर केली ना!"

वरातीमागून घोडं, आणि वर मिशीला पीळ! देव अक्कल वाटत होता तेव्हा हा टाळ्या घेत बसला असणार.

आजीचे गुडघे कसे आहेत? तिच्या व्हीलचेअरला तुम्ही बसवलेला ब्रेक, ती उठली की आपोआप लागणारा, अजून कुणाला दाखवला नाहीत ना? त्याचा अर्ज मीच लिहिणार आहे. तोवर दवाखान्यात जाताना त्याच्यावर चादर टाका. आजीला शपथ घाला, कौतुक ऐकलं की ती स्वतः उठून दाखवेल.

कुणी विचारलंच, तर सांगा, चाक अडकलंय.

तुमची लाडकी,
चिमी