उतारावरची कमाई

१२ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

विजेची ही गाडी मी विकत घेतली आहे, पळवून आणलेली नाही, हे आधी तुझ्या डेपोत सगळ्यांना सांग. फोनवर तू तिला खेळणं म्हणालास, मी फोन ठेवून दिला. परत केलास, परत तेच. आता वहिनीनं हुकूम काढलाय की दोघांनी यापुढे कागदावर भांडायचं, कारण कागद मध्येच ठेवून देता येत नाही. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला तुम्ही पत्रं लिहायला लावताय, तेव्हा चुका सापडल्या तर त्या तिच्या नावावर मांड.

तुझं म्हणणं एवढंच ना, की सव्वाशे किलोमीटरला मान टाकणारी गाडी काय चाटायची? कबूल. पण ती मान टाकते म्हणूनच माझ्या हाताला लागली. आधीचे मालक दातांचे डॉक्टर. त्यांना सुट्टीत लांब जायची हौस, आणि ही दर दोन तासांनी भूक लागल्यासारखी थांबायची. त्यांच्या बायकोनं एकदा रस्त्याकडेला तीन तास काढले आणि घरी येऊन सांगितलं, की आता घरात एक तर ही राहील नाही तर मी. डॉक्टरांनी शहाणपणा केला. मला गाडी अर्ध्याहून कमी किमतीत मिळाली.

आतून बघशील तर चप्पल काढून बसशील. खुर्च्या खऱ्या चामड्याच्या, पाठीला ऊब देणाऱ्या. दार लावलं तर कपाट हळूच मिटल्यासारखा आवाज. चालू झाली की नाही हे सुरुवातीला मला खाली उतरून बघावं लागायचं.

आणि मला जायचंय कुठे रे? सकाळी नर्सबाईंना टेकडीवरच्या दवाखान्यात सोडतो. मग एका शिक्षिकेला शाळेत. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्या कुठल्याही गाडीत धक्के सोसत नाहीत. दुपारी किरकोळ भाडी, संध्याकाळी दोघींना परत. दिवस संपतो तेव्हा ऐंशी-नव्वद किलोमीटर झालेले असतात. टायरच्या दुकानातलं काम सोडलं तरी मालकानं वरची खोली काढून घेतली नाही, आणि दुकानामागे गाडीला तार लावू देतो. विजेचे पैसे वेगळे घेतो, पण तोंड वाकडं करत नाही.

मी सहा नोकऱ्या सोडल्या, मला भिंगरी नाव तूच ठेवलंस. आता टिकतोय तर त्याचाही तुला राग. चालवायला तू शिकवलंस आणि ते सगळं मी अजून पाळतो, एवढं तरी लक्षात ठेव.

रागासकट लोभ आहेच, तो कमी करू नको.

तुझा,
भिंगरी


२० ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

तुझं पत्र दादानं न वाचल्यासारखं करून दोनदा वाचलं. डॉक्टरांच्या बायकोपाशी आल्यावर हसलासुद्धा, आणि मी बघतेय म्हटल्यावर खोकला काढला.

आता तुला खरं कारण सांगते, म्हणजे तू उगीच तापणार नाहीस. त्याच्या डेपोतल्या डिझेलच्या बसगाड्या मोडीत निघणार आहेत. वर्षभरात सगळ्या विजेवरच्या येतील. ज्यांना नव्या गाड्यांवर काम करायचंय त्यांनी डिसेंबर संपायच्या आत शिकवणीला नाव द्यायचं. जे देणार नाहीत ते गाड्या धुवायच्या विभागात. तुझा दादा, ज्याच्याकडे बाकीचे मेकॅनिक बिघाड विचारायला येतात, तो पाण्याचा पाइप धरून उभा राहणार. मला ते डोळ्यांसमोर आणवत नाही.

पण नाव देत नाही म्हणजे नाही. तुला माहीत आहे त्याची रीत. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून सांगणार की कुठे काय झिजलंय. या गाड्या आवाजच करत नाहीत. मुक्या जनावराला दुखतंय कुठे असं विचारायचं कसं, म्हणतो. ज्या दोघांनी नावं दिली त्यांची टर उडवतो, आणि घरी आला की तोच स्क्रूड्रायव्हर पुसत बसतो. त्यात तू ती गाडी घेतलीस. त्याला वाटलं, घरातलाच माणूस पलीकडच्या पक्षात गेला.

म्हणून तुझ्यापाशी एक मागणं. गाडीचं कौतुक पुरे कर आणि तिची दुखणी लिही. कुठलंही बिघडलेलं यंत्र दिसलं की त्याच्या हाताला खाज सुटते. तेवढी एकच वाट मला दिसते.

वेळेवर जेवत जा. खोलीचं भाडं थकवू नको. तुझी लाडकी पुतणी ठमी तुझ्या गाडीचं चित्र काढून पाठवतेय. चाकं पाच आहेत, पण तिला बोलू नको.

माया आहे तशीच आहे, कळावे.

तुझी वहिनी


२८ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. आणि ठमीला पाचव्या चाकाबद्दल शाबासकी.

तू दुखणी मागितलीस आणि कुणीतरी लगेच ऐकलं बघ. लिहायला बसलो तेव्हा वाटलं, तुला खोटंच काही कळवावं. पण घरात एवढं कुणाशी बोलता येतं ते तुझ्याशीच.

गाडी चाललीय. म्हणजे जातेय हातातून. थंडी पडली तशी सव्वाशेची नव्वद झाली, मग ऐंशी, आता सत्तरच्या आसपास. दुपारची भाडी बंद केली. मंगळवारी शिक्षिकाबाईंना शाळेतून आणताना, घर दोन वळणांवर असताना, भर चढावर मान टाकली. बाई काठी टेकत रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. टायरवाल्या मालकानं दोर लावून मला ओढून आणलं. बाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, की होतं असं कधीकधी, आणि रिक्षात बसून गेल्या. रिक्षा खड्ड्यात आदळली तेव्हा त्यांनी पाठीला लावलेला हात मला मागून दिसला.

कंपनीच्या माणसानं सांगितलं की बॅटरी म्हातारी झाली असेल. नवीची किंमत ऐकून मी पाणी मागितलं. भंगारवाला दोनदा येऊन गाडीभोवती फिरून गेलाय. माझा ट्रकवरचा जुना सोबती बोलावतोय, लांबचा पल्ला, पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर. पूर्वी असं बोलावणं आलं की माझे पाय शिवशिवायचे. या वेळी नाही शिवशिवत, वहिनी. सकाळी नर्सबाई गाडीत बसल्या की बूट काढतात आणि डोळे मिटतात. दिवसभरात तेवढाच आराम, म्हणतात. मला कुणी कधी असं कामाचं म्हटलं नव्हतं. भंगारात घालायची तर मला आतून काहीतरी तुटल्यासारखं होतंय.

माझ्याकडून मी काही कमी करत नाही. थंडी पडल्यापासून रोज सकाळी अर्धा तास गाडी चालू ठेवून, हीटर लावून गरम करतो, मगच हलवतो. दादानं लहानपणी दहा वेळा बजावलंय, की थंड गाडी पळवायची नाही. टेकडीवरून उतरताना तर हमखास न्यूट्रल करतो, म्हणजे उतार फुकटात जातो. तीही त्याचीच शिकवण. एका चार्जिंगची रेंज जेवढी घटतेय तेवढं मी जास्त नेमानं करतोय. तरी घटतेच.

दादाला यातलं काही सांगू नको. तुझं मागणं मोडतोय हे कळतंय. पण ‘मी म्हणालोच होतो’ एवढं त्याच्या तोंडून ऐकायची ताकद सध्या नाही.

आशीर्वाद असू दे, आता खरी गरज आहे.

तुझा,
भिंगरी


६ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. रागवायचं तर खुशाल रागव. पत्र त्याच्या चहाच्या कपाखाली ठेवून मी भाजी चिरायला आत गेले.

वाचून झाल्यावर तो आधी तेच म्हणाला, ज्याची तुला भीती होती, ‘मी म्हणालोच होतो’. मग थोड्या वेळानं विचारलं, की गाडी किती जुनी आहे ते या गाढवानं लिहिलंय का. मग त्या बाई रस्त्यावर किती वेळ उभ्या होत्या. मग पत्र घडी करून खिशात घातलं आणि सरळ डेपोतल्या शिकवणीवर गेला. शिकायला नव्हे, भांडायला. तिथे शिकवणारी मुलगी तुझ्याएवढीच असेल. तिला म्हणाला, तुमच्या या विजेच्या गाड्यांनी माझ्या भावाला बुडवलंय, याचं उत्तर द्या. आणि भर वर्गात तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं.

हे मला त्याच्या मित्रानं सांगितलं. न्यूट्रलचं वाक्य आलं तशी ती मुलगी हसायला लागली. बाकी कुणी हसेना. सगळे खाली बघत होते, कारण बाबा, प्रत्येक जण तेच करणारा! तिनं मग सगळ्यांना एका नव्या बसमध्ये घातलं आणि डेपोमागच्या उतारावर नेलं. दादाला पुढे, मीटरशेजारी बसवलं. काय दाखवलं ते तो स्वतःच लिहील म्हणतोय. तो लिहील, कळतंय का तुला? लग्नाआधी मला दोन पत्रं लिहिली होती, त्यानंतर हेच.

घरी आला, जेवला, आणि पाणी पिता पिता म्हणाला की नाव देऊन आलोय. मी पाठ फिरवून ताटं घासत राहिले, कारण माझे डोळे बघितले असते तर त्यानं नाव परत घेतलं असतं.

तीन महिने शिकवणी आहे, तेवढे दिवस पगार थोडा कापून मिळेल. ते आमचं आम्ही बघू. तू मनाला लावून घेऊ नको, आणि त्या ट्रकवाल्याला अजून होकार देऊ नको.

माया आहे, तुझ्यावर जरा जास्तच.

वहिनी


८ डिसेंबर

भिंगरी,
आशीर्वाद.

गाडी भंगारात घातलीस तर तंगडी मोडीन.

उतारावर न्यूट्रल करायचं नाही. डिझेलला ते चालतं, हिला नाही. ही उतारावर कमावते. नुसता पाय उचल, मोटरच वीज बनवून बॅटरीत परत टाकते. मी काटा वर चढताना डोळ्यांनी पाहिला. तू ती कमाई रोज टेकडीवरून खाली सांडत आलास.

सकाळी अर्धा तास गरम करणं बंद. तिच्यात गरम करायला इंजिन आहे कुठे? तू नुसती हवा तापवत होतास, तीही बॅटरीच्या जिवावर. आत ऊब हवी असेल तर तार लावलेली असतानाच हीटर लाव, विजेचे पैसे देतोयस ना. रस्त्यावर खुर्चीची ऊब वापर, ती फार खात नाही. थंडीत थोडी घट होणारच, तिला घाबरू नको. आणि टायरमध्ये हवा बघ. टायरच्या दुकानावर राहतोस आणि हे मला सांगावं लागतं.

हे सगळं मीच शिकवलं होतं असं तुझी वहिनी रोज ऐकवते. तेव्हा गाड्या तशा होत्या.

आणखी एक. या गाड्या मुक्या नाहीत. मी मोटरच्या डब्यावर कान टेकवला. बारीक सुरात बोलते. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पुष्कळांना तो आवाज वेगळा काढता येत नाही. मला आला.

त्या शिक्षिकाबाईंकडे स्वतः जा. निरोप पाठवू नको.

दादा


३० डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी आकडा सांगतो, तू त्याचीच वाट बघत असशील. काल एकशे आठ गेली, कडाक्याच्या थंडीत. टेकडीवरून खाली येताना आता पाय उचलतो आणि काट्याकडे बघतो. नर्सबाई विचारतात, की उतार आला की हा माणूस एकटाच का हसतो.

शिक्षिकाबाईंकडे गेलो. दारातच सांगितलं की गाडीचा दोष नव्हता, माझ्या हाताचा होता. त्यांनी आत बसवलं, चहा दिला, आणि सगळी हकिगत दोनदा ऐकली. मग म्हणाल्या, भावाला पत्रातून गाडी बरी करता येते तर तो दुकान का काढत नाही. सोमवारपासून परत येतायत. शेजारच्या एक बाई आहेत, गुडघ्यांच्या, त्याही येणार. त्यांना शाळा नाही, पण मैत्रिणीकडे जायचं असतं. वर्षभर गेल्या नव्हत्या म्हणे. ट्रकवाल्याला नाही म्हणून कळवलं. त्याला खरं वाटेना, माझ्या अंगात ताप आहे का विचारत होता.

दादा, भाषणं करायला मला येत नाहीत. पण तू माझ्यासाठी भांडायला त्या वर्गात गेलास, भर लोकांत माझं चुकांनी भरलेलं पत्र वाचलंस, आणि जी गोष्ट स्वतःसाठी केली नसतीस ती केलीस. वहिनीनं कळवलंय की पहिल्या चाचणीत तू वरून दुसरा आलास, आणि पहिला आलेला तुझ्याकडे आवाज ओळखायला शिकतोय. मी ते वाचलं तेव्हा खाली जाऊन टायरवाल्या मालकाला सांगून आलो. त्यालाही चहा पाजला.

आता शेवटचं, आणि यावर वाद नको. तुझ्या पगाराचं मी बोलतच नाहीये. धाकट्याकडून पैसे घेत नाहीस, मागच्या दोन वेळेला परत पाठवलेस, तेही माहीत आहे. हे घरचे पैसे नाहीत. फुकट दुरुस्ती करायची नाही, सख्खा भाऊ असला तरी, असं डेपोच्या फाटकात उभं राहून मला कोण सांगायचं? तुझा हात लागला आणि गाडी उभी राहिली, तर मजुरी लागते. मी बाजारात विचारून दर लावलाय, घासाघीस केलेली नाही.

वहिनीला नमस्कार, ठमीला गोड पापा. तुझं प्रेम आणि तुझी बोलणी, दोन्ही आहेत तशीच चालू राहू देत.

तुझा,
भिंगरी

ता. क. लांबून केलेली तपासणी, निदान, आणि तंगडी मोडायची धमकी, सगळं मिळून पाठवतोय: सहा हजार पाचशे.