दोन हिरव्या वायरी आणि दादांची इस्त्री

मखमलाबाद शिवार, नाशिक
मार्च १९७९

तीर्थस्वरूप कोंडाजीदादांच्या सेवेशी,

आपला मेहुणा झुंबर याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग म्हणजे आठही अंगांनी, पण त्यातली दोन-तीन अंगं स्टुलावरून पडल्यापासून वाकत नाहीत, म्हणून नमस्कार जरा तिरका पडला असेल तर गोड मानून घ्यावा. आपल्या डोळ्याचं कसं आहे? मोतीबिंदू चांगला निघाला असं गेणूकडून कळलं. (गेणू म्हणजे आपल्या सायखेड्याहून बाजाराला फुलं घेऊन येतो तोच. त्याला निरोप दिला की तो पोचतो, फक्त वाटेत थोडा वाढतो.) डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही आणि अक्षर वाचायचं नाही असं सांगितलंय म्हणे. ते अगदी पाळा. कांद्याच्या चाळीकडे फिरकू नका, धूळ फार असते. लता आपल्या डोळ्यात वेळेवर औषध घालत असेलच. तिचा हात हलका आहे. हे मी चौदा वर्षांत तिला कधी सांगितलेलं नाही, तेव्हा आपणही सांगू नका.

आता मुद्द्यावर येतो. लता आपल्या डोळ्यासाठी माहेरी आली हे खरं आहे, पण सगळं खरं नाही. ऑपरेशन सोमवारी होतं आणि ती त्याच्या आधीच्या गुरुवारीच निघाली. पिशवीत लुगडी दोन आणि आपण वास्तुशांतीला आहेर केलेली विजेची इस्त्री एक. डोळ्याच्या ऑपरेशनला इस्त्री कशाला लागते हे आपण तिला विचारलं नसेल, आपला स्वभावच तसा भिडस्त. म्हणून मीच सांगतो. गोष्ट माझ्या विद्वत्तेची आहे, त्यामुळे जरा लांबेल.

मळ्यात नवं घर बांधलं तेव्हा वीज घ्यायचं ठरलं. वायरमन केरू रीतसर परवान्याचा माणूस. त्याने मीटर, मेन स्विच आणि स्वयंपाकघरातला एक दिवा असं करून दिलं आणि उरलेलं काम दिवाळीनंतर करतो म्हणाला. मला तेवढा धीर कुठला! मी म्हटलं, वायरिंग म्हणजे शेवटी आहे काय? रंग ओळखायचे आणि जोडायचे. आणि रंग कोणाला शिकवता? शाळेत वीस वर्षं मी चित्रकला शिकवतो, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला पोरं बसवतो, तांबडा कुठे संपतो आणि नारिंगी कुठे सुरू होतो हे अख्ख्या शाळेत मला एकट्याला कळतं. (हेडमास्तरांना नारिंगी आणि पिवळा हेच एक वाटतात. पण ते इंग्रजी शिकवतात, चालतं.) मेन रोडवर दुकानात गेलो. दुकानदार चांगला माणूस, त्याने नीट समजावलं की लाल वायर फेजची, तिच्यातून वीज येते. काळी न्यूट्रलची, तिच्यातून ती परत जाते. आणि हिरवी अर्थिंगची, ती जमिनीत नेऊन सोडायची, म्हणजे कुठे बिघाड झाला तर वीज माणसाच्या अंगात न शिरता मातीत जाते. मी मान हलवली. मास्तर माणूस एकदा मान हलवायला लागला की पुढचं त्याला ऐकू येत नाही.

घरी येऊन भेंडोळी ओसरीवर ठेवली आणि आई कडाडली, ‘‘काळं नाय पायजे घरात! आजून वास्तुशांत व्हायचीय अन् तू भित्तीभर काळं लावतो व्हय?’’ आता आईपुढे बोलायची माझी छाती नाही हे आपल्याला माहीत आहे. पण खरं सांगू का, मलाही ते पटलं. नव्या चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर लाल आणि काळी म्हणजे अगदीच रुक्ष. लालचा विरोधी रंग हिरवा. लालशेजारी हिरवा आला की दोन्ही उठून दिसतात, हे मी सातवीच्या पोरांना दर वर्षी सांगतो. मी काळं भेंडोळं परत नेऊन दिलं आणि त्याच्या बदल्यात हिरवंच आणलं. मग अर्थिंगचं काय, असं आपण विचाराल. (दुकानदारानेही विचारलं होतं.) अर्थिंगचीही हिरवीच. पण एक पोपटी आणि एक गर्द, आंब्याच्या पानासारखी. पोपटी म्हणजे न्यूट्रल, गर्द म्हणजे अर्थिंग. ज्याला छटा कळतात त्याला यात अवघड काय?

लताने तेव्हाच दोन्ही वायरी हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाली, ‘‘अहो, मला तर दोन्ही एकच दिसतात.’’ मी तिला तिथल्या तिथे छटा या विषयावर व्याख्यान दिलं. तेवढ्यात तिचं पीठ मळून झालं. शेवटी ती एवढंच म्हणाली, ‘‘बरं, पण उजेडात करा.’’ मी केलं संध्याकाळी. शाळेतून यायचं, चहा घ्यायचा, खिडकीला गोणपाट लावलेलं, तावदानं अजून यायची होती, आणि स्वयंपाकघरातला एकुलता एक पिवळा बल्ब डोक्यावर. पिवळ्या उजेडात पोपटी आणि गर्द यांचं काय होतं हे कुठल्याही चित्रकाराला ठाऊक असतं. मलाही ठाऊक आहे. फक्त त्या संध्याकाळी आठवलं नाही.

अर्थिंगसाठी दुकानदार म्हणाला होता की खड्डा ओलाव्याच्या जागी घ्या, त्यात कोळसा-मीठ घाला आणि पाइप पुरा. आमच्या अंगणात कायम ओली जागा एकच, तुळशीवृंदावनाची. आई रोज पहाटे अंघोळ करून तांब्याभर पाणी घालते. तिला विचारून वृंदावनाच्या कडेलाच पाइप पुरला. मेन स्विच ओढला. दिवे लागले! जरा मिणमिणते लागले, पण आम्हाला कंदिलाची सवय, आम्हाला ते दिवाळीसारखे वाटले. आपण वास्तुशांतीला आलात तेव्हा ‘‘व्होल्टेज कमी दिसतंय’’ म्हणालात आणि मी सगळा दोष वीज मंडळाला दिला. आता त्यांची मनातल्या मनात माफी मागतो.

आणि मग दादा, चमत्कार सुरू झाला. एका पहाटे आईने तुळशीला पाणी घातलं आणि ओसरीचा दिवा मिणमिणता होता तो लख्ख झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाणी घातलं की दिवा उजळायचा, ऊन चढून माती सुकली की रात्रीपर्यंत पुन्हा मंद. आईने शेजारच्या मळ्यातल्या गोजराबाईला बोलावून दाखवलं, गोजराबाईने चिमणाबाईला आणलं, आणि आठवडा संपायच्या आत पहाटे आमच्या अंगणात बायांची रांग. प्रत्येकीचा तांब्या. प्रत्येक तांब्याला दिवा खुलायचा आणि बाया हात जोडायच्या. वृंदावनाला ओला हात लावला की बोटाला मुंग्या येतात, असंही आई सांगायची. ‘‘लय जागृत हाय,’’ म्हणायची. आणि मी काय करत होतो? मी टॉवेल खांद्यावर टाकून ओसरीवर उभा राहत होतो, आणि कोणी म्हटलं की मास्तरांनी स्वतः केलंय हो सगळं, तर नम्रपणे खाली बघत होतो. एकट्या लताने विचारलं, ‘‘पाण्याचा अन् दिव्याचा काय संबंध?’’ मी म्हटलं, श्रद्धेच्या जागी असले प्रश्न विचारू नयेत.

पुढचं सांगायचं जिवावर येतं. त्या बुधवारी एकादशी होती. एकादशीला तुळशीचाही उपास असतो असं आईचं म्हणणं, त्यामुळे त्या दिवशी पाणी नाही, बायाही नाहीत. माती दिवसभर तापून कोरडी ठाक. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणीला साहेब येणार, म्हणून लताने माझा पांढरा सदरा काढला आणि आपली इस्त्री पहिल्यांदाच लावली. इस्त्री तापेना. ती का तापेना हे बघायला तिने इस्त्रीचा तळ हाताने चाचपला. दादा, ती ओरडली नाही, ती नुसती मागे फेकली गेली आणि भिंतीशी बसली. तोंडाचा रंग गेला होता. कुठला रंग ते मला सांगता येणार नाही, आयुष्यात पहिल्यांदा मला रंगाचं नाव आठवलं नाही. मी स्टुलावर उभा राहून बल्ब पुसत होतो तो तसाच खाली आलो, म्हणजे पडलोच. मेन स्विच बंद केला, तिला पाणी पाजलं, हात चोळले. हाताला थोडं भाजलं होतं, बाकी तुळजाभवानीची कृपा. आणि मग ती बोलायला लागली, जिवात जीव आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? मी म्हणालो, ‘‘तुझ्या भावाने फालतू इस्त्री दिली.’’

तिने उठून सदऱ्याची घडी घातली, न इस्त्री केलेल्या सदऱ्याची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.ने आपल्याकडे आली. साहेबांनी शाळेत माझ्या सदऱ्याकडे बघून मला बरं नाही का विचारलं.

शनिवारी गेणूने निरोप आणला : ‘‘दादा म्हणले, इस्त्री झकास चालती. धोतराला बी मारली, उपरण्याला बी मारली.’’ आपल्या घरी इस्त्री झकास चालते आणि माझ्या घरी ती तापत नाही पण चावते, म्हणजे दोष इस्त्रीत नाही एवढं मास्तरालाही कळलं. त्यात एकादशीची गोष्ट मनातून जाईना. पाणी असलं की दिवा लख्ख, नसलं की मंद, आणि अगदी कोरड्या दिवशी शॉक. रविवारी भर दुपारी मेन बंद करून बोर्ड उघडला आणि वायरी दारात उन्हात ओढून पाहिल्या. पोपटीला गर्द समजून मी दोन्ही तुळशीच्या पाइपच्या वायरीलाच जोडल्या होत्या! घरभरच्या दिव्यांची परत जाणारी वीज मी न्यूट्रलला न देता तुळशीच्या मुळाशी पाठवली होती. ओली माती तिला वाट देत होती म्हणून दिवे उजळत होते, आणि माती वाट देईना तेव्हा तीच वीज अर्थिंगच्या वायरीने उलट इस्त्रीच्या अंगात उभी राहिली. जी वायर माणसाला वाचवायला लावायची तिच्यातूनच मी लताला शॉक दिला.

पुन्हा हात लावला नाही. केरूला आणलं. त्याने बोर्ड बघितला आणि विचारलं, ‘‘मास्तर, यातली न्यूट्रल कोणती?’’ मी म्हटलं, पोपटी. तो म्हणाला, ‘‘मला हिरवी एकच म्हाईत हाय.’’ लताही हेच म्हणाली होती, पण ती परवान्याची वायरमन नव्हती. सगळ्या पोपटी वायरी काढून काळ्या घालायचं ठरलं. आईची समजूत कशी घालावी या चिंतेत मी होतो, तर लताला शॉक बसला तो या हिरव्यापायी, हे ऐकल्यावर आईच म्हणाली, ‘‘लेकराला काळी तीट लावतोच की. घराला लावली तर काय बिघडतं? लाव, चांगली ठसठशीत लाव.’’ आता भिंतीवर लाल, काळी आणि एकच हिरवी आहे. दिसायला रुक्ष आहे. तुळशीला पाणी घातलं तरी दिवा आता आहे तेवढाच लागतो, म्हणजे कायमच लख्ख. बाया दोन दिवस आल्या, वाट बघून गेल्या. गोजराबाई म्हणाली, मास्तरांनी वायरी बदलल्या अन् देव गेला.

कळावे, असं म्हणून थांबतो. इस्त्रीबद्दल जे बोललो ते मी विनाअट परत घेतो. डोळ्याला जपा. लताला मी आग्रह करत नाही, आपला डोळा नीट होईपर्यंत तिने खुशाल राहावं, इकडे आमचं उत्तम चाललं आहे.

आपला,
झुंबर

ता. क. : उत्तम चाललेलं नाही. आई जेवायला वाढते आणि माझ्याशी बोलत नाही. ती तुळशीशी बोलते आणि तुळशीला सांगते ते मला ऐकू येईल अशा बेताने सांगते.

ता. क. दुसरा : लता, दादांना महिनाभर अक्षर वाचायची बंदी आहे, म्हणजे हे पत्र पहिल्या ओळीपासून तूच मोठ्याने वाचून दाखवते आहेस. ते ठाऊक असूनच लिहिलं. तुझ्याशी थेट बोलायची हिंमत नव्हती, म्हणून दादांच्या डोळ्याआड उभा राहिलो. आता इथून पुढे मनात वाच. दादांनी विचारलं तर पत्र संपलं म्हणून सांग. त्या दिवशी तू भिंतीशी बसलीस तेव्हा मला वाटलं, गेली. मी फार घाबरलो होतो गं, आणि घाबरलो की मी समोर दिसेल त्याला नावं ठेवतो. समोर इस्त्री होती. घरात आता सगळीकडे भरपूर उजेड आहे आणि त्यात बघावं असं कोणी नाही. दादांची पट्टी सुटली की ये. मी स्टँडवर सायखेड्याची प्रत्येक गाडी बघेन.

ता. क. तिसरा : येताना इस्त्री नक्की आण. केरूने टेस्टर लावून सगळं तपासलं आहे, तरी पहिल्यांदा प्लग मी लावीन आणि पहिला हातही मीच लावीन. तू चपला घालून दारात उभी राहा, आणि हसायचं असेल तर तेव्हा हस.