पाळण्यावर वाळत घातलेलं शिसं

४ जानेवारी

दुकानातले जिग घेणं आजपासून बंद. जिग म्हणजे तरी काय, एक गळ, त्याच्या मानेशी शिशाचं मुंडकं आणि मागे पिसांचा नाहीतर लोकरीचा झगा. पाण्यात हलवला की माशाला वाटतं खाणं चाललंय. पण दुकानातली मुंडकी सगळी एका छापाची. तळ्यातल्या माशांना ती तोंडपाठ झाली आहेत. मला दोन वर्षांत काही लागलं नाही त्याचं कारण हे आहे. दुसरं काही नाही.

तेव्हा शिसं घरीच वितळवायचं, घरीच ओतायचं, घरीच रंगवायचं. टायरवाल्याने चाकांना लावायची जुनी वजनं पिशवीभर दिली. साचा मागवला आहे.

नाहीतरी रिटायर झाल्यावर हाताला काम पाहिजेच. शिवाय मे महिन्यापर्यंत घरात नुसतं बसणं मला जमणार नाही. लेकीला सहावा लागलाय. मागच्या वर्षी आठव्यात जे झालं त्यावर आमच्या घरात कोणी बोलत नाही. मीही इथे लिहीत नाही. मार्चमध्ये ती इकडे येणार, बाळंतपण इथेच करायचं, असं ठरलंय. आपल्या खोलीत आल्यावर बरं वाटेल, असं ती स्वतः म्हणाली.

११ जानेवारी, सकाळ

ही शाळेत शिकवायला गेली आणि मी पहिलं ओतकाम काढलं. गॅसवर जुनं पातेलं. शिसं छान वितळलं, आरशासारखं.

मास्क लावला होता. चष्म्यावर वाफ येते म्हणून कपाळावर. फॅक्टरीत पंचवीस वर्षं सेफ्टी डिपार्टमेंट सांभाळलं आहे. धोका काय असतो ते मला कोणी शिकवू नये.

११ जानेवारी, संध्याकाळ

ते पातेलं जुनं नव्हतं. हिच्या आईचं होतं. हिच्या मते या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

१९ जानेवारी

वजनांत निम्मी शिशाची नाहीतच, कसली तरी भेसळ आहे. मुंडकी अर्धीच भरतात, काहींना नाक नाही. फेकली नाहीत. नाक नसलेला मासा या तळ्यातल्या माशांनी पाहिलेला नाही, दचकून तोंड उघडतील.

रंगाला हिच्या नखांचं पॉलिश उत्तम बसतं. लाल संपलं. पिकलेल्या चेरीचा म्हणून एक रंग आहे, त्याला हात लावायचा नाही अशी तंबी मिळाली. लावला.

२ फेब्रुवारी

छोटासा अपघात. ही म्हणाली, निदान ती साधनं तरी धूत जा. म्हणून साचा धुतला. ओल्या साच्यात शिसं ओतल्याबरोबर ते फटाक्यासारखं उडालं. छताला चांदण्या. माझ्या उजव्या भुवईचा अर्धा भाग गेला. म्हणजे चूक धुवायला सांगणाऱ्याची.

ओल्या साच्यात ओतू नये, असं सूचनापत्रकात पहिल्याच ओळीत छापलेलं आहे म्हणे. सूचनापत्रकं कोणी वाचत नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत. आयुष्यभर मीच ती लिहीत आलो.

निश्चय: स्वयंपाकघरात काम बंद. लेक यायची आहे, घर सुरक्षित पाहिजे.

३ फेब्रुवारी

सगळा कारखाना लेकीच्या खोलीत हलवला. खिडकी मोठी आहे.

८ फेब्रुवारी

हिने माळ्यावरून पाळणा काढायला लावला. लेकीचाच, चारी बाजूंनी कठड्याचा. तिने दात फुटताना चावलेल्या खुणा अजून आहेत. ही बराच वेळ त्या खुणांवरून बोट फिरवत उभी होती. मी म्हटलं, पॉलिश करून देतो, एकदम नवा दिसेल. ही म्हणाली, पॉलिश नको, नुसता पुसा. पण नको म्हणताना हसली. महिन्यात पहिल्यांदाच.

पाळणा खोलीतच ठेवला, खिडकीशी.

१४ फेब्रुवारी

रंगवलेले जिग वाळवायचे कुठे हा प्रश्न सुटला. गळाचा आकडा कठड्यावर असा बसतो, जणू सुताराने मोजून ठेवलंय. वारा आला की सगळे एका तालात डोलतात. पाहत बसलं की हल्ली छातीत जे धडधडतं ते कमी होतं. पित्ताचं असावं.

ही शाळेतून यायच्या आत काढून ठेवतो. लपवायचं म्हणून नव्हे. तिला पसारा आवडत नाही.

२० फेब्रुवारी

झग्यासाठी पिसं मिळेनात. घरात एक मऊ पिवळी लोकर दिसली, टोपलीत, सुयांसकट. सुईवर थोडंसंच विणलेलं होतं, मला वाटलं सोडून दिलंय. अप्रतिम बसते. पाण्यात फुलते.

२१ फेब्रुवारी

ते बाळाचं स्वेटर होतं. एक बाही.

ही रागावली नाही, त्याचंच जास्त वाटलं. जिग हातात घेऊन म्हणाली, अहो, तुम्हाला आनंद झालाय की नाही, एवढं एकदा सांगून टाका. मी म्हटलं, झालाय की. मग ती म्हणाली, मग तिला एक फोन तरी करा. गेला महिनाभर फोन आला की तुम्ही दर वेळी गॅलरीत जाता.

गॅलरीत रेंज चांगली येते. फोन माझ्याजवळ नसतो, हा भाग वेगळा.

२५ फेब्रुवारी

केला फोन. व्हिडिओवर. लेक गोल दिसत होती, गालसुद्धा. काय बोलावं सुचेना म्हणून जिग दाखवले. नाक नसलेले, चेरीचे, पिवळ्या झग्याचे. कारखानाही दाखवला. टेबलावर कानशीने घासलेल्या शिशाची चांदीसारखी पूड होती, ती फुंकर मारून उडवूनही दाखवली.

लेक गप्प झाली. भारावली असणार. मग म्हणाली, बाबा, ही माझी खोली आहे ना. मी म्हटलं, तुझीच, दुसऱ्या कोणाची.

२६ फेब्रुवारी

जावयांचा फोन. ते फार मऊ बोलतात, त्यामुळे काय म्हणतात ते कळायला वेळ लागतो. शिशाची धूळ पोटातल्या बाळाला चालत नाही, अगदी थोडीही, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. तपासायच्या कांड्या पाठवतोय. जागेवर घासायच्या, शिसं असेल तर गुलाबी होतात. बाबा, तुमच्यावर अविश्वास नाही, असं तीनदा म्हणाले.

मीही फॅक्टरीत लोकांना असंच म्हणायचो, त्यांचं लॉकर उघडण्याआधी.

२८ फेब्रुवारी

साफसफाई. सगळं शिसं डब्यात, डबा गॅलरीत. खोली झाडूने खसाखसा झाडली, धुळीचा लोट उठला, म्हणजे किती निघाली बघा. ही दारात उभी राहून म्हणाली, झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, कांड्यांच्या पाकिटावर लिहिलंय. मी म्हटलं, ओल्याचा अनुभव मी घेतलाय.

१ मार्च

कांड्या. ही एकेक घासत गेली, मी मागे.

ओटा: किंचित गुलाबी. मी म्हटलं, टोमॅटो असेल.
खिडकीची चौकट: गुलाबी. ऊन पडलं होतं.
टेबल: बोलण्यासारखं नाही, पण टेबल काय, उचलून देता येतं.

मग ही पाळण्याकडे वळली. मी म्हटलं, तो राहू दे, तो आत्ताच पुसलाय. राहू दे म्हणायला नको होतं. तिने कठड्यावर कांडी फिरवली. दात फुटल्याच्या खुणा आहेत, तिथेच. कांडी डाळिंबाच्या दाण्यासारखी झाली.

तिने वाकून पाहिलं. कठड्यावर बारीक ओरखडे होते, आकड्यांचे, ओळीने. त्यांवर बोट ठेवत ठेवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग मला म्हणाली, हात धुऊन या. मी आलो तेव्हा ती फोनवर होती आणि रडत नव्हती.

२ मार्च

लेक इकडे येत नाही. जावई म्हणाले, बाबा, तिला इथेच ठेवतो. प्रवास टाळलेला बरा, हे मुख्य कारण असणार. शिवाय ही शाळेतून लांब रजा घेऊन तिकडे जाते आहे. म्हणजे व्यवस्था उलट जास्त चांगली झाली.

पाळणा बाहेर काढून खरवडून पुन्हा रंगवतो असं सुचवलं. ही म्हणाली, तुम्ही कशालाही हात लावू नका. स्वरात काळजी होती.

९ मार्च

ही गेली. स्टेशनवर म्हणाली, वेळेवर जेवत जा, आणि जेवायच्या आधी… पुढचं बोलली नाही, हातांकडे बघितलं.

शांतता चांगली आहे. माणसाला स्वतःचं ऐकू येतं.

१७ मार्च

पोटात दुखतं. तोंडाला गोडसर चव. एकट्याने स्वयंपाक केल्याचा परिणाम. काम करताना गळ ओठांत धरायची सवय आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

काम बंदच आहे. डबा गॅलरीतून आत घेतला एवढंच. गंज चढतो. शिशाला गंज चढत नाही असं ऐकलंय, पण खात्री कोणी द्यावी.

३० मार्च

अखेर तळ्यावर चाचणी. तिथे नेहमी एक गृहस्थ असतात, एक पाय दगडावर ठेवून न हलता उभे. सगळे त्यांना बगळा म्हणतात, त्यांनाही चालतं. माझी पेटी उघडताच बगळ्याने वाकून पाहिलं, म्हणाला, हौस दांडगी आहे.

पहिल्याच फेकीत नाक नसलेला तळाच्या दगडात अडकला. तोडावा लागला. दुसरा, चेरीचा, तसाच. तिसऱ्याचं रंगाने भोक बुजलं होतं, दोराच आत जाईना. तेवढ्यात बगळ्याने दोन मासे काढले. मी विचारलं, कुठलं शिसं. म्हणाला, छे हो, कणकेची गोळी. शिसं घरात कोण आणतं, माझ्या घरी नातवंडं आहेत.

पिवळ्या झग्याचा फेकला नाही. पेटीतच राहिला.

१२ एप्रिल

लेकीला फोन. यावेळी मी केला, खुर्चीत बसून, गॅलरीत नाही. तब्येत कशी विचारलं. बरी आहे म्हणाली. मग ती म्हणाली, बाबा, मला यायचं होतं हो. मी म्हटलं, तिकडची हवा चांगली आहे. बोलून झाल्यावर लक्षात आलं की तिने हवेबद्दल काही विचारलंच नव्हतं.

मागच्या वर्षी ते ज्या आठवड्यात झालं, त्या आठवड्याची या वेळची तारीख उलटून गेली आहे. कॅलेंडरवर खूण केली नव्हती. पाठ होती.

१३ एप्रिल

डबा भंगारवाल्याला देऊन टाकला. सगळा. त्याने विचारलं, साचा नाही का देत. म्हटलं, साचा ॲल्युमिनियमचा आहे, त्याचा काय दोष.

९ मे

मुलगी झाली. दोघी सुखरूप. हिने फोनवर सांगितलं आणि म्हणाली, ऐकताय ना. ऐकत होतो. बराच वेळ ऐकत होतो.

सगळं व्यवस्थित होणार हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

१५ मे

नातीसाठी भेट तयार. म्हणजे तोच, पिवळ्या झग्याचा. आकडा पक्कडीने तोडून टाकला, आता धोका शून्य. झगा विस्कटला होता, नीट बांधला, दोरा थुंकी लावून वळवला. डोळे नवे काढले. मुंडक्याला एक टवका होता तो कानशीने घासून घेतला. जेमतेम दोन-चार फेऱ्या. याला काम म्हणत नाहीत.

तिच्याच बाहीची लोकर आहे. तिची वस्तू तिला.

१८ मे, संध्याकाळ

जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

जावयांनी दारातच धुतलेला शर्ट दिला, बाबा, एवढा बदला, म्हणाले. बदलला. साबणाने हात धुतले, हिने शेजारी उभं राहून धुवायला लावले, नखांत ब्रश घालून. शेवटी ही म्हणाली, हं, आता या. किती महिन्यांनी असं या म्हणाली.

लेक पलंगावर, कुशीत गाठोडं. म्हणाली, बाबा, बसा, देते तुमच्याकडे. मी हात पुढे केले. मग आठवलं की आधी भेट द्यावी. शर्ट बदलताना खिशातून काढून पँटच्या खिशात ठेवली होती. काढली आणि तळहातावर धरली.

लेकीने बाळ थोडं पलीकडे घेतलं. फार नाही, वीतभर. जावयांनी कागद आणला, जिग त्यावर घेतला, पुडी केली, पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि मलाच परत दिली. मग ते हात धुवायला गेले.

मी म्हटलं, आकडा काढलाय. ही म्हणाली, हो. इतक्या हळू म्हणाली की वाटलं माझी समजूत काढते आहे. मग म्हणाली, बाळ आता झोपलंय, पुढच्या वेळी घ्या.

दारातून पाहिलं. तिथून खरं तर सगळं एकदम दिसतं, जवळून एवढं दिसत नाही. दुपट्यातून एक पाय बाहेर आला होता. तळवा माझ्या अंगठ्याएवढा.

बसला गर्दी नव्हती.

१८ मे, नंतर

पुडी पाळण्याच्या कठड्याला अडकवून ठेवली आहे. तात्पुरती.

पाकिटात एक कांडी शिल्लक होती. कोरी आहे की वापरलेली ते पाहावं म्हणून काढली. कोरी निघाली. फुकट जाऊ नये म्हणून उजव्या तळहातावर घासली. हात तिथे धुतले होते, ब्रशने, हिच्या देखत. त्यानंतर फक्त ती भेट धरली, आणि घरी येऊन पुडी उघडून एकदा पाहिलं, रंग उडाला नाही ना म्हणून.

अर्धा मिनिट थांबायचं, असं लिहिलंय. सूचना वाचली. पूर्ण वाचली.

थांबलो.

दिव्याचा उजेड पिवळा आहे, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. गुलाबी म्हणावं असं नाही. अगदीच फिका आहे. हा रंग आज कुठे पाहिला ते आठवत बसलो, आणि आठवला. दुपट्यातून बाहेर आलेल्या त्या पायाचा.