आधी कोण बोललं

सोम. १५ एप्रिल
कालच्या पानात चूक आहे. लिहिलं, पाणी शोधताना माझ्या तळहातावरचा आडवा नारळ उभा राहिला आणि दूध संस्थेचे चेअरमन म्हणाले, "हितंच पाणी." उलट झालं होतं. आधी ते म्हणाले, मग नारळ उभा राहिला. जागा त्यांच्या बांधाला लागून.
नारळ मी हलवला नाही. ओढ जाणवली, हे खरं. पण कुणाची?

मंगळ. १६
अण्णांनी, माझ्या वडिलांनी, आयुष्यभर असाच नारळ धरून गावोगावी पाणी दाखवलं. आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून संस्थेच्या बोअरसाठी मला पुढं केलं. मी पायाळू. जन्मताना आधी पाय आले, म्हणून मला जमिनीखालचं कळतं म्हणे.
संस्थेला बोअर एकच मिळणार. कोरडं गेलं तर गावची जनावरं बाजारात, संस्थेला कुलूप.
टँकरपाशी सुमनकाकू: "काय गं पायाळू, पाणी न्हाई लागलं तर नारळाची चटणी तरी वाटू." सगळ्या हसल्या. मीही.

बुध. १७
अण्णांना विचारलं, "तुम्ही कधी डोळे बांधून चाललात?"
"कावून?"
"नारळ परत तिथंच उभा राहतो का, बघायला."
"देवाची परीक्षा घेती व्हय?"
"देवाची नाही. माझ्या हाताची."
मला अक्षरं यांनीच शिकवली, राखेत बोट धरून. 'दिसलं तेवढंच लिही', हेही त्यांचंच.
जेवताना म्हणाले, "नारळ खोटा न्हाई, पोरी. हात आसू शकतो." मग ताट सारलं. "अन् न्हाई उभा राहिला, तर मी जलमभर काय केलं?"
मी ताट उचललं.

गुरु. १८
बोअरची गाडी मांजरसुंब्याला आलीय, धाब्यावर उभी. रविवारी इथं. चेअरमन घरी आले. "शंका काढू नको, पोरी. शंका काढली की पाणी खाली जातंय." अण्णांनी हे कधी शिकवलं नाही. आज खोडलंही नाही.
रात्री मी देवापुढं दिवा लावला. 'नारळ तिथंच उभा राहू दे' म्हणाले, आणि लगेच वाटलं, हे मागणं म्हणजे हाताला पढवणं. तसेच हात जोडून बसले. काही न मागता बसता येतं, पण फार वेळ नाही.

शुक्र. १९
ठरलं. डोळ्यांना पट्टी, तळहातावर नारळ, सगळं रान पुन्हा चालायचं. कुणी एक शब्द बोलायचा नाही, चेअरमनही.
अण्णांना मी म्हणाले, पट्टी तुम्हीच बांधा. अजून हो म्हणाले नाहीत.
उद्या, शनिवार २० एप्रिल. सकाळी सगळे दूध घालायला जमतात तेव्हा.