प्लास्टिकच्या पाइपांना क्रेन

मी, पाइपांचा व्यापारी, वय एकाहत्तर, डोके ठिकाणावर ठेवून व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. बायको शेजारी बसली आहे. ते दडपण धरू नये, असे तिनेच सांगितले आहे.

१. राहते घर बायकोचे. "तुला एवढ्या खोल्या कशाला?" असे तिला कोणी विचारायचे नाही.

२. जाडी मोजायचे कॅलिपर मुलीला. जावयाने त्याने पुन्हा अक्रोड फोडू नयेत.

३. मेव्हण्याने नेलेली शिडी मेव्हण्यालाच. नाहीतरी ती परत येत नव्हती.

४. दुकान धाकट्या भावाला. अट एकच. गल्ल्यावर बसण्याआधी त्याने हिशेब मोठ्याने म्हणावा: बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, उरेल त्याला जाडीने गुणा, मग मालाच्या आकड्याने. मापे मिलिमीटरमध्ये घेतली, की मीटरमागे किलो येतात. लोखंडाचा आकडा ०.०२४६६. काळ्या प्लास्टिकचा त्याच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढा.

हे सांगावे लागते, कारण त्याने एकदा प्लास्टिकला लोखंडाचा आकडा लावला आणि आलेले वजन पाहून घाबरून क्रेन मागवली. पाइप दोन हमालांनी गप्पा मारत खांद्यावरून नेले. क्रेनवाला चहा पिऊन गेला. तेव्हापासून बाजारात धाकट्याला 'क्रेनशेठ' म्हणतात. मी ही गोष्ट येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत बसलो, म्हणून तो रुसून दुकान सोडून गेला, असे बायकोचे म्हणणे. गोष्ट खरी आहे, त्याला मी काय करू? पण त्याच्यावाचून मला दुकानात करमत नाही, हेही खरे आहे.

५. एवढे लिहीपर्यंत धाकटा दारात हजर. बायकोनेच बोलावले असणार. वाचून म्हणाला, "दादा, दुकान सांभाळतो मी. पण मेल्यावरही माझी क्रेन सोडणार नाहीस का? आधी ते खोड."

मृत्युपत्रासाठी बोलावलेले वकील म्हणाले, "खाडाखोड नको, पुढे भांडणं होतात."

धाकटा चपला घालू लागला. मग मी साक्षीला त्याच दोघा हमालांना बोलावले, आणि सहीशेजारी काय लिहायचे ते त्यांच्या कानात सांगितले.

स्थळ: दुकानाचा माळा
दिनांक: सहा मार्च, धाकट्याने चपला पुन्हा काढल्यावर
सही: थोरला

साक्षीदार
१. थोरला हमाल. पाइप फार जड होते.
२. धाकटा हमाल. माझा खांदा अजून दुखतो.