वरच्या बाईंचे डच फुगे

प्रिन्सी,

ड्युटीवरून आलीस की मला शोधू नकोस, मी वरच्या डच बाईंकडे आहे. दुपारी त्या मोठी कढई मागायला आल्या. नव्या वर्षासाठी त्यांच्यात मनुका घातलेलं आंबवलेलं पीठ तळतात, अगदी आपल्याकडे लग्नात तळतात त्या गोल फुग्यांसारखं. त्या चमच्याने सोडत होत्या, सगळे वेडेवाकडे. मी मुठीतून सोडून दाखवले, तर म्हणाल्या, "मेरी, प्लीज, यू डू ऑल."

शेल्डनचे पप्पा गेल्यापासून मी कढईसमोर उभी राहिले नव्हते. आज राहिले आणि हसलेसुद्धा.

पहिला घाणा ओट्यावर झाकून ठेवलाय, पिठीसाखर भुरभुरून गरम खा. शेल्डनला सांग, माझं वसईला परतायचं तिकीट एवढ्यात काढू नकोस. ईस्टर इथेच करू.

आई